आमच्या धुऱ्यावरची नारबोद

८ ऑगस्ट २००५, सोमवार

घ्या! पर्यावरण माझ्या गळ्यात पडलं. शालीकराम हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावून चहा पाजला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. “रहांगडाले मॅडम, तुमी विज्ञानवाल्या. हे तुमच्याच जवळचं.” कोर्टाचा आदेश आहे म्हणे, प्रत्येक शाळेत शिकवायलाच पाहिजे. पुस्तक अजून आलेलं नाही. चित्रकलेच्या सरांनी नको म्हटलं, पी.टी.च्या सरांनी नको म्हटलं, उरले मी. ज्या विषयात कोणाला नापास करता येत नाही, त्याला पोरं काय जुमानणार?

घरी सांगितलं तर आमचे हे हसायला लागले. “मंग आता धान लावाचं का नाही, तेबी तूच सांगशीन.” सासूबाईंनी विचारलं, पर्यावरण म्हणजे काय? मी म्हटलं, आजूबाजूचं सगळं. “मंग त आपल्याले येतेच,” म्हणाल्या आणि कबरीला कोंडा घालायला कोठ्यात गेल्या. कबरी त्यांची गाय, त्यांनी माहेरून आणलेल्या गाईच्या वंशातली. माझ्याशी बोलतात त्याच्या दुप्पट त्या तिच्याशी बोलतात. आता ती गाभण आहे, म्हणजे दिवाळीपर्यंत माझ्या वाट्याला काही येणार नाही.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

आठवीचा पहिला तास. विचारलं, पर्यावरणाचं सगळ्यात जास्त नुकसान कोण करतं? टिकेश ताडकन उठला. “रानडुकरं, मॅडम.” मागून कोणीतरी म्हणालं, हत्ती. हत्ती! शाळेच्या गावच्या, म्हणजे भेलवाटोल्याच्या पोरांनी हत्ती पाहिलाय तो पुस्तकात. ‘माणूस’ हे उत्तर काढता काढता अर्धा तास गेला, आणि निघालं तेव्हा हर्षिता म्हणते, “कोनता माणूस, मॅडम?” मी म्हटलं, आपण सगळे. तिने सगळ्या वर्गावरून नजर फिरवली, कोणीच तसं वाटेना, तेव्हा बसली. हुशार आहे मुलगी, पण डोकं उठवते.

१६ ऑगस्ट, मंगळवार

काल झेंडावंदनानंतर पोरांना शपथ दिली, पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, वापरणार नाही म्हणून. हेडसरांना फोटो हवा होता. शपथ संपली आणि ग्रामपंचायतीतर्फे खाऊ वाटला. बुंदी आणि शेव. प्रत्येकाला वेगळी पन्नी. मी हेडसरांकडे पाहिलं, हेडसरांनी झेंड्याकडे पाहिलं.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

मुंबई बुडाली ती पन्न्यांनी गटारं तुंबल्यामुळे, असं पेपरात रोज येतंय. आता राज्यभर बंदी आणणार म्हणतात. मुंबईला पूर आला की भेलवाटोल्यात तास वाढतो. हेडसर म्हणाले, “काहीतरी करून दाखवा, मॅडम. ग्रामस्वच्छतेची समिती येऊन राहिली.” सरपंचांना यंदा तालुक्यातलं बक्षीस हवंय.

म्हणून पोरांना सांगितलं, गावातली सगळी पन्नी गोळा करा आणि शाळेत आणा. घरातली, गल्लीतली, नालीतली, सगळी.

२७ ऑगस्ट, शनिवार

‘सगळी’ हा शब्द या पोरांपुढे वापरायचा नाही. टिकेशने आईच्या मिठाची पन्नी आणली, मीठ घरी जमिनीवर ओतून. एकाने नवी कोरी ताडपत्री आणली, त्याचा बाप शाळा सुटेपर्यंत फाटकात उभा होता. एकीने आजीची प्लास्टिकची चप्पल आणली आणि मागोमाग आजी आली अनवाणी. मला वाटलं होतं टोपलीभर निघेल. युरियाच्या चुंगड्या भरून भरून शाळेच्या मागे थप्पी लागली आहे आणि अजून येतच आहे. एवढ्याशा गावात एवढी पन्नी होती कुठे?

खरं सांगायचं तर बरं वाटलं. गल्ल्या खरंच स्वच्छ दिसत होत्या.

३० ऑगस्ट, मंगळवार

हेडसर चिडले. थप्पी त्यांच्या खिडकीतून दिसते. “समिती आली आणि शाळेमागं हे दिसलं त? मॅडम, हे हटवा.” मी म्हटलं, कुठे हटवू? “ते माझं काम नाही. गावाबाहेर काढा.” जाळू म्हटलं असतं, पण जाळल्यावर विषारी धूर होतो हे मीच परवा फळ्यावर लिहिलं होतं, आणि हर्षिताने ते वहीत लाल शाईने चौकटीत उतरवून घेतलंय.

शेवटच्या तासाला पोरांना म्हटलं, पोळ्याच्या सुट्टीत एवढं एक काम करा बाबांनो, ही पीडा गावाबाहेर नेऊन टाका. सगळे एका सुरात हो म्हणाले. एवढा उत्साह गणिताला दाखवत नाहीत.

३ सप्टेंबर, शनिवार

पोळा. पुरण शिजवून हात भाजला. पोळा बैलांचा, पण सासूबाईंनी कबरीचीही शिंगं रंगवली आणि तिला पुरणपोळी दिली. मला म्हणाल्या, “बहू, पोळी जाड झाली.” गाय काही म्हणाली नाही.

४ सप्टेंबर, रविवार

पहाटेपासून नारबोदचा गलका. दरवर्षीचंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोदची बाहुली करायची, दारापुढे पोळ्याला रोवलेल्या पळसाच्या डहाळ्या उपटायच्या आणि सगळ्या गावाने ओरडत ओरडत शिवेपलीकडे नेऊन टाकायचं. “खासी खोकला घेऊन जा री नारबोद! ईडा पीडा घेऊन जा री नारबोद!” एकदा टाकली की मागे वळून पाहायचं नाही. आमच्या हिवरटोल्याची नारबोद नाल्यापलीकडच्या गावाच्या हद्दीत जाते. यंदा भेलवाटोल्याकडूनही नेहमीपेक्षा मोठा आवाज येत होता. लोक चंद्राच्या गोष्टी करतात आणि आम्ही खोकला बाहुलीला बांधतो. विज्ञान शिकवून शिकवून माझे केस पिकले.

५ सप्टेंबर, सोमवार

शिक्षकदिन. आज पोरांनी शाळा चालवली. हर्षिता ‘मी’ झाली होती. साडी, चष्मा, आणि दर वाक्याला “डोकं उठवू नका रे!” सगळा स्टाफ हसला. मी असं कधी म्हणते?

पण एक गोष्ट चांगली झाली. शाळेमागची थप्पी गायब. टिकेशला विचारलं तर छाती काढून म्हणाला, “नारबोदनं नेली, मॅडम. सगळ्या चुंगड्या तिलेच बांधल्या. ‘पन्नी घेऊन जा री नारबोद’ म्हनत नेलं आमी. म्हातारे लोकबी आले आमच्यासंगं.” टाकली कुठे म्हटलं, तर “गावाबाहेर, तुमी सांगतलं तसं.” त्यात अंधश्रद्धा घुसली ते सोडा. पण वीस वर्षांच्या नोकरीत मी सांगितलेलं पोरांनी शब्दशः केलं ते पहिल्यांदा. वर्गाला शाबासकी दिली. हेडसरांनीही चहा पाजला.

६ सप्टेंबर, मंगळवार

कबरी संध्याकाळी कोठ्यात आली ती फुगलेली. चारा तोंडात घेईना. सासूबाईंनी हिंग, ताक, काय काय पाजलं. हे वावरात जाऊन आले आणि बैठकीत मटकन बसले. “तुझ्या शाळेची नारबोद पाहाले चाल.”

मी गेले नाही. मला कळलं. भेलवाटोल्याची शिव जिथे संपते तिथे आमचा धुरा, आमच्या शेताचा बांध, सुरू होतो. भेलवाटोल्याच्या गावाबाहेर म्हणजे आमची धानाची बांधी. वीस वर्षं या दोन गावांमधून सायकल चालवते मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही! हे म्हणाले, कुत्र्यांनी चुंगड्या फाडल्या, बोडीच्या पाण्यापर्यंत सगळं पांढरं, निळं, गुलाबी झालंय, आणि ढोरं त्यातच चरत होती.

७ सप्टेंबर, बुधवार

गणपती बसले, आणि सणाच्या दिवशी डॉक्टर कोठ्यात. कोपरापर्यंत हात घालून तपासलं आणि शेणाबरोबर पन्नीचा पिळा ओढून काढला. दोरीसारखा, लांबच लांब. सासूबाई तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. पोटात अजून दगडासारखा गोळा आहे म्हणे. जनावर म्हातारं, त्यात गाभण, ऑपरेशन झेपणार नाही. औषध देऊन पाहू.

जाता जाता डॉक्टर मला म्हणतात, “मॅडम, हे दोन दिवसांचं नाही. सालोंसाल जमलेलं हाये. घरचंच राहते हे जास्ती.” मला राग आला. चार दिवसांपूर्वी गाय धडधाकट होती, समोर धुऱ्यावर एवढा ढीग पडलाय, आणि यांना घरचं दिसतं. आमच्या घरी उलट शिस्त आहे. भाजीचे देठ, उरलासुरला भात मी पन्नीत घालून घट्ट गाठ मारून मगच उकिरड्यावर टाकते. इकडेतिकडे एक शीत सांडू देत नाही. डॉक्टरकी करायची तर नीट पाहून करावी माणसाने.

८ सप्टेंबर, गुरुवार

आज वर्गात मी फार ओरडले. कोणी सांगितलं होतं आमच्या शेतात टाकायला? कुठल्या नकाशात ते गावाबाहेर आहे? टिकेश म्हणाला, “दरसालची जागा तेच हाये, मॅडम. नारबोद तिथंच टाकतेत.” आणि मग ती हर्षिता उठली. “मॅडम, मंग गावाबाहेर म्हंजे कोठं टाकाचं होतं?”

तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. उद्धटपणाने विचारलं होतं का? नाही. पण घरी ती गाय तशी पडलेली.

९ सप्टेंबर, शुक्रवार

सासूबाईंनी परवापासून अन्न घेतलेलं नाही. कबरी खाईल तेव्हा खाईन म्हणतात. आज त्यात भर. “दुसऱ्याच्या गावची पीडा माह्या गायीवर टाकली. ज्यायची नारबोद त्यायच्या शिवेत परत गेली पायजे. तवा उठंल ते.” मी समजावलं, आई, पोटात प्लास्टिक आहे, नारबोदचा काही संबंध नाही. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “बहू, कोनी आनलं ते?” आणि भिंतीकडे तोंड केलं.

ढीग उचलून परत नेला तर गाय उठेल, असं मी विज्ञानाच्या शिक्षिकेने मानायचं! पण म्हातारं माणूस पाण्यावर आहे. आणि ढीग तर हटवायलाच हवा, बाकीची ढोरंही तिथेच चरतात. म्हणून हेडसरांकडे गेले. म्हटलं, पोरांनी टाकलंय, पोरांनाच उचलायला पाठवा. हेडसर म्हणाले, “मॅडम, उद्या समिती हाये. उद्या नाव काढू नका.” मग घरोघरी फिरले. एकाही आईने होकार दिला नाही. हर्षिताच्या आईने तर दारातूनच हात जोडले. “टाकलेली नारबोद उचलत नाहीत, मॅडम. लेकराले का झालं त?” पोरांनी टाकताना एकीलाही काही वाटलं नव्हतं.

१० सप्टेंबर, शनिवार

समिती आली. शाळा पाहिली, गल्ल्या पाहिल्या, शाळेमागे सारवलेली स्वच्छ जागा पाहिली. फार खूश होऊन गेली.

११ सप्टेंबर, रविवार

आजच्यासारखा दिवस माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

सकाळी आम्ही दोघांनी मिळून ढीग भरला. फाटक्या चुंगड्यांत, जुन्या लुगड्यांत, जे मिळालं त्यात. बंडी शिगोशीग भरली. हे बैल हाकत होते आणि मी वर, चुंगड्या दाबून धरत बसलेली. भेलवाटोल्याच्या शिवेवर उदाराम बाबा काठी आडवी धरून उभे. ते गावचे म्हातारे, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. मागे वीस-पंचवीस माणसं, बाया, माझ्या वर्गातली पोरं. हर्षिताचा दंड तिच्या आईने धरून ठेवलेला.

“मॅडम, नारबोद परत येत नाही.”

मी म्हटलं, बाबा, ही नारबोद नाही, ही तुमच्या गावची पन्नी आहे. किराण्याची, खताची, तुमच्याच घरची.

“होती. आता नाही. ओरडून देल्ली आमी.”

मी प्लास्टिक कसं बनतं तिथपासून सांगायला सुरुवात केली. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काठी तशीच ठेवली. शेवटी मी वैतागून विचारलं, मग मी हे नेऊ कुठे? “तिकडं न्या,” म्हणाले आणि पुढच्या गावाकडे हात केला. त्या गावाच्या वाटेवर पोरं आधीच दगड घेऊन बसली होती. बातमी बंडीच्या पुढे धावते. तिथल्या पाटलाने आम्हाला नाल्याकडे पाठवलं. नाल्यावर गेलो तर पलीकडून बायांनी आरडाओरडा केला, की तुमच्या हिवरटोल्याची नारबोद दरसाल आम्हीच उचलतो, वरून हेही? टाकलेली पुढे कोण उचलतं, मला ठाऊकच नव्हतं. मी कधी तिकडे गेले नाही.

वीटभट्टीवाला एकटाच घेतो म्हणाला. “आना मॅडम, एका दमात जळून जाते.” यांनी बैल वळवलेही. मी नको म्हटलं. हे पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, “मंग का डोक्यावर घेऊन नाचू?” मी म्हटलं, जाळायचं नाही, मी शिकवलंय तसं. का म्हटलं कोण जाणे. भूक लागली होती, रडू येत होतं, आणि कामठ्याच्या रस्त्याने बाजाराला जाणारे लोक सायकली थांबवून आमची बंडी पाहत होते.

दुपार कलली तेव्हा बैलांनी आपणच घरची वाट धरली. आम्ही थांबवलं नाही. चुंगड्या अंगणात उतरवल्या. सासूबाई कोठ्याच्या दारात बसल्या होत्या. मला वाटलं, आता कडाडतील. चुंगड्यांकडे पाहून म्हणाल्या, “कोनीच घेतली नाही?” मी मान हलवली. “मंग राहू दे. पन कबरीच्या नजरेसमोर नको.” म्हणून आता सगळं बैठकीत आहे, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना. पाहुणा आला तर बसवायचा कुठे?

सासूबाईंनी पेज घेतली. अर्धी वाटी.

१२ सप्टेंबर, सोमवार

कबरी गेली. सकाळी, मी शाळेची साडी नेसत असताना. सासूबाईंनी हाक मारली ती नेहमीच्याच आवाजात, म्हणून मी पिना लावून मग गेले. त्यांच्या मांडीवर तिचं डोकं होतं.

मला इतकं रडू येईल असं वाटलं नव्हतं. मी तिला कधी नीट हातही लावला नाही.

शाळेत चिठ्ठी पाठवली. इथे ढोर मेलं की गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकतात. पूर्वी गिधाडं यायची, आता ती दिसत नाहीत, कुत्रीच येतात. यांनी माणसं बोलावली तर सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “बाहेर नाही न्यायची.”

“माय, दरवेळी तिथंच नेतेत ना.”

“म्हनून का झालं? आपल्या वावरात गाड. वरच्या बांधीत.”

वरची बांधी आमची सगळ्यात चांगली जमीन. तरी हे फावडं घेऊन निघाले. मीही गेले. पावसाने माती मऊ होती, खड्डा लवकर खोल झाला. आणि मग फावड्याला काहीतरी अडकलं. यांनी ओढलं, तर लांबलचक पन्नी, मातीच्या रंगाची झालेली. पुन्हा फावडं मारलं, पुन्हा पन्नी. खड्ड्याच्या चारी बाजूंना पाहिलं तर थरच्या थर, मातीतून टोकं बाहेर आलेली. नुसतं ओढायचं, निघत राहायचं. एकीला गाठ तशीच होती. मी म्हटलं, भेलवाटोल्याचा कचरा वाऱ्याने इथवर आला की काय? हे म्हणाले, “एवढं खोल? इथं त दरसाल आपल्याच उकिरड्याचं खत पडते.” मी ती गाठ बोटांनी चाचपली.

कबरीला काठाशी आणली. उतरवणार तेवढ्यात सासूबाई खड्ड्यात उतरल्या. या वयात! मातीच्या भिंतीतून एकेक पन्नी निवडायला लागल्या. मी वैतागून म्हटलं, आई, आता काय फरक पडतो? चला वर.

“तिच्या अंगाले नको लागाले,” म्हणाल्या.

त्या निवडत राहिल्या. हे पाहत राहिले. माणसं बिड्या काढून बांधावर बसली. मग मीही चपला काढून उतरले. दोघींना जेमतेम पुरेल एवढी जागा होती. त्यांच्या बाजूचं त्या काढत होत्या, माझ्या बाजूचं मी. त्यांनी सगळं आपल्या पदरात घेतलं, माझ्याही हातातलं ओढून घेतलं. नवं टोक दिसेनासं झालं तेव्हा यांनी हात देऊन आम्हाला वर घेतलं, आणि कबरीला खाली ठेवलं.

माती लोटून झाल्यावर माणसं निघाली. सासूबाई पदराचा ओचा दोन्ही हातांनी धरून बांधावर उभ्या होत्या. मी म्हटलं, आई, टाका ते आणि चला. त्यांनी भेलवाटोल्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे, मग आमच्याच धानाकडे. “कोठं टाकू, बहू?” त्यांनी मला विचारलं. मी मास्तरीण आहे म्हणून विचारलं असेल. मी त्यांच्या पदराचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही तसंच ते घरी घेऊन आलो.